वहीतलं चाळिसावं वाक्य

बाबा गाडी लावून घरी आले की हातपाय धुण्याआधी मधल्या भिंतीवर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "काय गा श्यामराव, आज कसा कापला तुले?" पलीकडून श्यामकाकांचा आवाज यायचा, "तू मले कापशील? सकाळच्या दोन खेपीले तुलेच पाणी पाजलं, इसरला काय?" मग बाबा हसायचे, तिकडे काका हसायचे, आणि चुलीपुढे बसलेली माय मला म्हणायची, "ऊठ व इमल, पाणी दे त्यायले. कापाकापी झाली त्यायची." आमची आणि काकांची खोली एकाच लाईनीत होती, मधे एक विटांची भिंत, तीही छपरापर्यंत न पोचलेली. इकडे लाखोळीच्या डाळीला फोडणी पडली की तिकडे कोणीतरी शिंकायचं. तिकडे काकूंनी भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी पाट्यावर वाटली की आमच्या भाताला चव यायची, कारण अर्धी चटणी भिंतीवरून वाटीत घालून आमच्याकडेच यायची. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की दोन्ही घरांच्या मांडण्या एकदमच किणकिणायच्या.

आमच्या चिखला गावात तेव्हा एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही आली तर. खाणीच्या गाड्या खाणीच्या माणसांना. बाकीच्यांना गोबरवाहीच्या बाजाराला, तुमसरच्या दवाखान्याला, लग्नकार्याला जायचं तर दोन मॅटाडोर होत्या. एक बाबांच्या हातात, दुसरी श्यामकाकांच्या. दोन्ही गाड्या तुमसरच्या दोन वेगवेगळ्या शेठांच्या. हे दोघे नुसते ड्रायव्हर. दोघेही आधी ठेकेदाराच्या एकाच मॅंगनीजच्या ट्रकवर क्लीनर होते, एकाच ताटलीत जेवलेले, आणि स्टेअरिंगही एकाच उस्तादाकडून शिकलेले. म्हणून सवाऱ्यांसाठी त्यांची जी ओढाताण चालायची, तिचं आम्हा पोरांना कधी भय वाटलं नाही. उलट ती आमची करमणूक होती. काका एखाद्या दिवशी नाक्यावरून आधी भरून निघाले की म्हणायचे, "आज देवाले माती चारली." देवा म्हणजे आमचे बाबा, देवराव. बाबा पुढे निघाले की, "श्यामरावचा सुपडा साफ." कोणी कोणाची सवारी पळवली तर "मुंडी मुरगाळली". कोणी चढावर ओलांडून पुढे गेलं तर "उभा चिरला". रिकामी गाडी घेऊन परत यावं लागलं तर "आज आपली खाट पडली". मुंड्या मुरगाळल्या जायच्या, माणसं उभी चिरली जायची, आणि संध्याकाळी तीच माणसं भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना तंबाखू मळून द्यायची.

या चढाओढीत आमचंही काम असे. सवारी गाडीत बसते ती गाडी भरलेली दिसली तर. रिकाम्या गाडीत पहिला कोणी बसत नाही. गाडी भरेपर्यंत तासभर उन्हात बसावं लागेल हे प्रत्येकाला ठाऊक. म्हणून बाजाराच्या दिवशी बाबा आम्हालाच आधी गाडीत बसवायचे. माय, मी, कधी शेजारची एखादी म्हातारी. मायच्या मांडीवर गाठोडं, त्यात जुनी गोधडी. आम्ही अशा बसायचो की जणू तुमसरला लग्नालाच निघालोय. आम्हाला पाहून खऱ्या सवाऱ्या चढायच्या. पाच-सहा जण झाले की माय म्हणायची, "अगं बाई, डबाच इसरली," आणि आम्ही मागच्या दारानं उतरून घरी. काकांच्या गाडीत त्याच वेळी काकू आणि त्यांची सुनंदा तशाच बसलेल्या असायच्या. सुनंदा माझ्याच वर्गात. दोन गाड्यांच्या खिडक्यांतून आम्ही एकमेकींना वेडावून दाखवायचो आणि कोणाच्या गाडीतून आधी उतरायला मिळतं याची वाट पाहायचो. आधी उतरली ती जिंकली.

आज मी शाळेतून निवृत्त होऊन बसले आहे आणि नातवाच्या शिकवणीची जाहिरात वर्तमानपत्रातून पडते, तिच्यावर लिहिलेलं असतं, "गळेकापू स्पर्धेच्या युगात तुमचा पाल्य मागे तर नाही ना?" मी तो कागद घडी घालून ठेवते. ज्यानं हे लिहिलं त्यानं गळा कापलेला माणूस पाहिला नसणार. मी पाहिला आहे. तो नंतर वीस-बावीस वर्षं जगला, आमच्याच भिंतीपलीकडे.

मी सातवीत होते. बाबांच्या शेठनं त्यांना तुमसरला बोलावून घेतलं. परत आले तेव्हा त्यांनी भिंतीवर थाप मारली नाही. जेवताना मायनं विचारलं, "काय म्हणे शेठ?" बाबा म्हणाले, "म्हणे या रस्त्यावर दोन गाड्या पोसत नाहीत. एकच राहीन. कोणती राह्यते ते तू पाह्य, म्हणे. नाही तं गाडी जमा कर." मायनं बाबांच्या भातावर डाळ वाढली आणि पळी तशीच हातात धरून बसली. आमच्याकडे वावर नव्हतं. मी आणि दोन धाकटे भाऊ शाळेत होतो. गाडी जमा झाली तर बाबांना खाणीच्या ठेकेदाराकडे दगड फोडायला जावं लागणार होतं, हे मलाही कळत होतं.

त्याच सुमारास काकांच्या गाडीला एक लहानसा अपघात झाला. अपघात म्हणणंही जास्तच. उतारावर एक गोऱ्हा आडवा आला, काकांनी गाडी वळवली आणि ती धानाच्या बांधीत जाऊन उभी राहिली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सवाऱ्यांनीच ढकलून गाडी वर काढली, आणि काकांनी त्या दिवशी कोणाकडूनही भाडं घेतलं नाही. संध्याकाळी बाबाच भिंतीवरून त्यांना म्हणाले, "काय बे, गाडी चालवते का नांगर हाकते?" काका हसले. ते भिंतीवरचं शेवटचं निर्मळ हसणं, असं मला आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा मला नाक्याकडे नेताना म्हणाले, "इमल, आज गाडीत बसल्यावर मायले एक गोष्ट इचारजो. मोठ्यानं इचारजो, साऱ्यायले ऐकू गेलं पाहिजे."

"काय इचारू?"

"इचार, माय व, श्यामकाकाच्या गाडीचे बिरेक लागत नाहीत म्हणते, खरं होय काय?"

"खरंच लागत नाहीत?"

बाबा चालता चालता जरा थांबले. "तू फक्त इचारजो. इचाराले काय लागते?"

मी विचारलं. गाडीत तेव्हा चौघी-पाच जणी आणि एक म्हातारे बाबाजी होते. शाळेत कविता म्हणावी तसं मी स्पष्ट, खणखणीत विचारलं. मायला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची मान झटकन बाबांकडे वळली. बाबा समोरची काच पुसत होते. माय मला म्हणाली, "चूप बस." आणि तेच वाईट झालं. ती "नाही" म्हणाली असती तर कदाचित विषय तिथंच संपला असता. ती "चूप बस" म्हणाली, म्हणून सगळ्यांना वाटलं की बाई शेजारधर्म म्हणून झाकून राहिली. लेकुरवाळ्या दोघीजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारे बाबाजी म्हणाले, "म्हणूनच बांधीत गेली तं."

त्या दिवसानंतर माय खोटी सवारी म्हणून कधी गाडीत बसली नाही. बाबांशी ती आठ दिवस बोलली नाही, आणि नंतर बोलली तेही पोरांच्या आडून. "तुमच्या बापाले सांगा, जेवाले वाढलं म्हणून."

पुढे काय झालं ते मी रोज नाक्यावरून शाळेत जाता-येता पाहिलं. आधी बायांनी काकांच्या गाडीत बसणं सोडलं. मग म्हाताऱ्यांनी. काकांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा ते खूप हसले म्हणतात. नंतर त्यांनी तुमसरहून मिस्त्री आणला, चाकं खोलून ब्रेक तपासून घेतले, आणि एके दिवशी नाक्यावर माणसं जमवून उतारावर गाडी जोरात आणून दाखवली. दगडाच्या दोन हात अलीकडे गाडी उभी राहिली. मी तिथं होते. माणसांनी मान डोलावली आणि परत जाताना एकजण म्हणाला, "आधी खराब असतीनच ना गा. नाही तं मिस्त्री कायले आणला असता?" मी आयुष्यभर मुलांना तर्क शिकवत आले; त्या वाक्याइतकं वाकडं आणि पक्कं वाक्य मला पुन्हा भेटलं नाही.

एका संध्याकाळी काका भिंतीशी येऊन बसले. थाप मारली नाही. नुसतं म्हणाले, "देवा, कोणी तरी माया जिवावर उठलं गा. कोण असन?" बाबा तंबाखू मळत होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "असन कोणी. लोकायचं काय." आणि तंबाखूचा हात भिंतीवरून पलीकडे केला. काकांनी त्यातली चिमूट उचलली. महिनाभरानं काकांच्या शेठनं गाडी काढून घेतली आणि भाच्याला देऊन बपेऱ्याच्या रस्त्यावर लावली. काका ठेकेदाराकडे मॅंगनीज फोडायला जाऊ लागले. संध्याकाळी ते परत यायचे तेव्हा पापण्यासुद्धा काळ्या झालेल्या असायच्या.

आमच्या गाडीला आता कोणाला बसवून दाखवायची गरज उरली नव्हती. ती आपोआप भरायची.

आठवीत चार मैलांवरच्या मोठ्या शाळेत आम्हाला मराठीला नवे सर आले. भंडाऱ्याकडचे होते, गावात नवखे, आणि त्यांचे माझ्यावर इतके उपकार आहेत की त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात आपोआप सावरून चालतो. पुस्तकातले वाक्प्रचार त्यांना आवडत नसत. ते म्हणायचे, "पुस्तकातले शब्द पुस्तकात आहेतच. तुमच्या घरातले आणा." दर आठवड्याला एक विषय. कधी पाण्याचे शब्द, कधी आजारपणाचे, कधी रागाचे. प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. त्यांचा एकच नियम होता. वाक्य खरं असलं पाहिजे. "राम शूर होता, सीता गोड होती, असली पोकळ वाक्यं मला नकोत. तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं लिहा."

एका आठवड्याचा विषय होता चढाओढ. वर्गातल्या मुलांना दहा-बारा शब्द मिळाले. मला मिळवावे लागलेच नाहीत; मी त्यांच्यात वाढले होते. कापणे, पाणी पाजणे, माती चारणे, सुपडा साफ करणे, मुंडी मुरगाळणे, पत्ता कट करणे, नाक्यावरून उठवणे. मी लिहीत गेले. प्रत्येकापुढे खरं वाक्य. "श्यामकाकांनी चढावर बाबांना उभे चिरले." "बाबांनी सकाळी सात सवाऱ्या पळवून श्यामकाकांची मुंडी मुरगाळली." एकोणचाळीस झाले. चाळीस करावेत असं वाटलं. चाळिसावा शब्द मायच्या तोंडचा होता, मुळावर उठणे. मी अर्थ लिहिला: एखाद्याचा समूळ नाश करायला निघणे. आणि वाक्य सुचेना. दुसरं कुठलंही वाक्य त्या शब्दाला पुरत नव्हतं. बराच वेळ बसून शेवटी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "श्यामकाकांच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, असे माझ्या तोंडून वदवून बाबा त्यांच्या मुळावर उठले."

मी ते का लिहिलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. कबुली म्हणून लिहिलं, असं म्हणायला आवडेल. पण तेव्हा डोक्यात एवढंच होतं की सरांना खोटं वाक्य द्यायचं नाही. सर श्यामकाकांना ओळखत नव्हते. त्यांनी चाळिसांच्या चाळीस वाक्यांवर लाल खुणा केल्या आणि शेवटच्या वाक्यापुढे लिहिलं, "उपयोग अचूक."

स्नेहसंमेलन जवळ आलं. सरांनी वक्तृत्वाला विषय दिला "स्पर्धा", आणि सांगितलं की जी पहिली येईल ती भंडाऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत जाईल. सोबतीला दुसऱ्या नंबरची जाईल, कारण मुलीला एकटीला नेता येत नाही. माझं आणि सुनंदाचं नाव होतं. सुनंदाकडे वह्या कमीच असत, आणि आता तर अगदीच नव्हत्या. ती नेहमी माझ्या वह्या न्यायची. त्याही दिवशी भिंतीवरून म्हणाली, "इमल, तुयी शब्दायची वही दे व." मी दिली. हात उंच करून, भिंतीवरून, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाण्याची गुंड भरताना मला ते वाक्य आठवलं. गुंड तशीच टाकून मी पळाले. सुनंदा अंगणात सडा टाकत होती. तिनं हात परकराला पुसले, आत गेली आणि वही आणून दिली. वहीचा कोपरा फाटला होता, तो तिनं भाताच्या खळीनं चिकटवून दिला होता.

"झालं माया वाचून," ती म्हणाली.

"सारं?"

"सारं."

तिनं पुन्हा बादलीत हात घातला. मी उभी राहिले. ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, केस ओढेल, काहीही करेल, असं वाटत होतं. तिनं सडा पूर्ण टाकला आणि आत गेली.

संमेलनाच्या दिवशी बाबांनी गावातल्या माणसांना शाळेपर्यंत फुकट नेलं. मोठ्या कौतुकानं नेलं. लेक बोलणार होती. काकाही त्याच गाडीतून आले, आणि मांडवात दोघे शेजारी शेजारी बसले. सुनंदाचं नाव आधी पुकारलं. तिनं काकूंचं निळं पातळ दुमडून नेसलं होतं. तिनं सुरुवातीलाच म्हटलं, "मी पुस्तकातले शब्द सांगणार नाही, आमच्या नाक्यावरचे सांगणार आहे," आणि एकेक शब्द घेत गेली. कापणे. माती चारणे. सुपडा साफ. माणसं ओळखीचे शब्द ऐकून खूष झाली, हसू लागली. काका हसत होते. बाबांनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. मी व्यासपीठाच्या बाजूला माझ्या पाळीची वाट पाहत उभी होते.

मग सुनंदा म्हणाली, "हे सारे हसण्याचे शब्द आहेत. यात कोणी मरत नाही. पण एक शब्द वेगळा आहे. मुळावर उठणे. वाक्यात उपयोग. माझ्या वडिलांच्या गाडीचे ब्रेक चांगले होते. ते लागत नाहीत, असे एका पोरीच्या तोंडून वदवून देवराव ड्रायव्हर त्यांच्या मुळावर उठले." एवढं बोलून तिनं नमस्कार केला आणि खाली उतरली. मांडवात फक्त आमचे सर टाळ्या वाजवत होते. माझ्या वहीतलं वाक्य ते विसरले होते; त्यांना वाटलं, पोरीनं धिटाईनं कल्पित उदाहरण दिलं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी वर गेले, "अध्यक्ष महाराज" म्हटलं, विषयाचं नाव सांगितलं आणि त्यापुढे मला एकही शब्द आला नाही. चाळिसातला एकही नाही. मी खाली बसले. काका बक्षीस समारंभ होईपर्यंत जागचे उठले नाहीत. सुनंदानं पहिलं बक्षीस घेतलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. बाबा जमिनीकडे पाहत होते. नंतर काकांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, बायको-लेकीला घेतलं आणि चार मैल चालत घरी गेले. बाकीचे सगळे आमच्या गाडीत बसले. वाटेत कोणीही त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. बाजारभावाबद्दल बोलत राहिले.

मला मार बसेल असं वाटलं होतं. बाबांनी वही मागितली. त्यांना अक्षर लावून लावून वाचता यायचं. बोट ठेवत त्यांनी ते वाक्य वाचलं, मग लाल शाईकडे बोट नेलं.

"हे काय लिवलं मास्तरनं?"

"उपयोग अचूक."

"म्हणजे?"

"म्हणजे बरोबर आहे."

बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "मास्तरनं बरोबर म्हटलं तं बरोबरच असन," ते म्हणाले. माय चुलीजवळून म्हणाली, "इतके दिवस मीच म्हणत होती, तं कोणी लाल शाईनं लिवून देलं नाही मले." भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. त्या दिवसापासून चटणीची वाटी बंद झाली, इकडून आणि तिकडून.

मी पुढे भंडाऱ्याला कॉलेजात गेले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. माझी फी, खोलीचं भाडं, पुस्तकं, सगळं त्या एका मॅटाडोरनं दिलं, जिच्यात बसण्यावाचून त्या रस्त्यावरच्या माणसांना गत्यंतर नव्हतं. सुनंदा दहावीनंतर शिकली नाही. ती माझ्यापेक्षा हुशार होती. मी बाबांची ऋणी आहे आणि हे ऋण कशावर उभं आहे ते मला ठाऊक आहे. या दोन गोष्टी मला एका वाक्यात नीट बसवता आलेल्या नाहीत.

स्पर्धेसाठी भंडाऱ्याला जायचा दिवस आला; नावं दोघींचीच होती, म्हणून दुसरी आणि सोबतीला मीच. तुमसरहून सुटणारी सकाळची बस गाठायला बाबांच्या गाडीशिवाय साधन नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत काका सुनंदाला पाठवतील की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमत कोणात नव्हती. सर गाडीत बसले होते, मी बसले होते. बाबांनी इंजिन चालू केलं नाही. शेवटी काका येताना दिसले, मागे सुनंदा. संमेलनानंतर दोघांनी एकमेकांना तोंड दाखवलं नव्हतं. काका बाबांच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"बिरेक पाह्यले का?" त्यांनी विचारलं.

"पाह्यले," बाबा म्हणाले.

"मंग ने."

सुनंदा चढली आणि माझ्या शेजारी बसली, कारण तिथंच जागा होती. बाबांनी त्या दिवशी तुमसरपर्यंत एकही सवारी घेतली नाही. माणसं हात दाखवत होती, आणि आम्ही त्यांच्यासमोरून जात होतो. सर म्हणाले, "अहो, घ्या ना दोघा-चौघांना." बाबा म्हणाले, "नाही सर. आज ही गाडी भरलेली आहे."

भंडाऱ्यात सुनंदाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. मी प्रेक्षकांत बसून ऐकलं. शब्द सगळे म्हटले तिनं, शेवटचा सोडून. त्याच्या जागी पुस्तकी समारोप केला. सरांनी आम्हाला कारध्याच्या पुलावर नेऊन वैनगंगा दाखवली, शेंगदाणे घेऊन दिले. पुलावर वाऱ्यात ती माझ्याकडे न पाहता शेंगदाणे सोलत होती आणि अर्धे माझ्या हातावर ठेवत होती. बोलत मात्र नव्हती.

तुमसरला बाबा गाडी घेऊन उभेच होते. परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "शेवटचा शब्द काहून सोडला व?"

ती हळू बोलली नाही. साध्या आवाजात, पुढे ऐकू जाईल असं बोलली. "तिथं माया बाबाले कोण ओळखते? खोटं आपल्या नाक्यावर बोललं गेलं, म्हणून आपल्या माणसायत सांगतलं. भंडाऱ्याच्या लोकायले सांगून काय करू?"

बाबांनी आरशात पाहिलं नाही. गिअर बदलताना त्यांचा हात चुकला आणि गाडीनं एक हिसका दिला, एवढंच.

गोबरवाहीला बाजार उठत होता. चिखल्याची माणसं पोती, टोपल्या, कोंबड्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. बाबांनी गाडी थांबवली. माणसं चढली, दाटीवाटीनं बसली, टोपल्या मांड्यांवर घेतल्या. बाबा खाली उतरले, मागच्या दाराशी आले आणि दार लावायच्या आधी तिथंच उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "श्यामरावच्या गाडीचे बिरेक चांगले होते. काही झालं नव्हतं त्यायले. मीच खोटं उठवलं होतं. पोरीच्या तोंडून."

सर माझ्याकडे पाहू लागले. त्यांना बहुधा तेव्हा कळलं. सुनंदा खिडकीबाहेर पाहत होती. मागच्या बाकावरची एक म्हातारी, जिला मी लहानपणी खोट्या सवाऱ्यांत पाहिलेलं, पिशवी सावरत म्हणाली, "आता सांगून काय करतं, बाबू? ते गाडी तं कवाची गेली. चाल, दिवस बुडून राहिला."

बाबा आणखी थोडा वेळ उभे राहिले, कोणीतरी काही बोलेल म्हणून. मग त्यांनी टोपी घातली आणि दार लावलं. गाडीतून एकही माणूस उतरला नाही. उतरून जाणार तरी कशानं? त्या रस्त्यावर दुसरी गाडी उरली नव्हती.